रत्नागिरीचा पाऊस जातो कुठे?

आमच्या बावीच्या दोरीला आजीनं हात-हात अंतरावर गाठी मारून ठेवल्या होत्या. श्रावणात दोन गाठी सोडल्या की कळशी बुडायची. शिमग्याला चौदा-पंधरा गाठी लागायच्या. मेच्या शेवटाला अठरावी गाठ हातातून सुटली, की खालून कळशी कातळावर आपटल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की घरात सगळे गप्प व्हायचे, कारण आता पुढचे पंधरा दिवस टँकर.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नुसत्या आकड्यातून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर परसात पावसाळाभरात तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर! ज्या घराच्या परसात आभाळानं तीस टँकर रिकामे केले, त्याच घरची बाई सहा-आठ महिन्यांनी रस्त्यावर हंडे मांडून बसते. लहानपणी मला हे कोडं वाटायचं. पुढे कळलं की कोडं आभाळात नाही, पायाखाली आहे. ते नीट समजलं तर आपला आंबा, आपली घरं, समुद्राची काळी वाळू, दरवर्षी खचणारे रस्ते, सगळ्याचीच संगती लागते.

आधी पावसाचं बघू.

जूनमध्ये मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर येताना ते बाष्पानं भरतात. किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर सह्याद्री सरळ भिंतीसारखा उभा आहे. आंबा घाटातून कोल्हापूरला जाताना ही भिंत आपण गाडीनं चढतो. वाऱ्यालाही ती चढावी लागते. हवा वर गेली की थंड होते, आणि थंड हवेला तेवढं बाष्प धरून ठेवता येत नाही. ते ढग होऊन कोसळतं. म्हणून घाटमाथ्यावर आंबोलीला किंवा महाबळेश्वरला आपल्यापेक्षाही कितीतरी जास्त पाऊस, आणि घाट उतरून पूर्वेला माणदेशात गेलं की जेमतेम ५०० मिलिमीटर. वारा तोच असतो, पण पलीकडे पोचेपर्यंत त्याची झोळी रिकामी झालेली असते.

मग घाटापासून एवढ्या अंतरावर, ऐन किनाऱ्यावर, एवढा पाऊस का? कारण भिंतीला अडलेली हवा मागे तुंबते, आणि तिचा दाब किनाऱ्यापर्यंत जाणवतो. मागून येणारा वारा तिच्यावर चढतो, त्यामुळे बरेचदा ढग समुद्रावरच तयार होतात. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा पट्टा तयार होतो. बातम्यांत हा शब्द ऐकला आणि त्याबरोबर रेड अलर्ट आला, की समजावं, पुढचे दोन-तीन दिवस बाहेरची कामं विसरायची. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टीतली वरची पायरी. देशावरच्या काही तालुक्यांचा पाव ते अर्ध्या वर्षाचा पाऊस आपल्याकडे एका दिवसात पडून जातो.

आणि हा सगळा चार महिन्यांत. वर्षाच्या पावसाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. ऑक्टोबरात एखाद-दुसरी सर, कधी वादळ. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा बंदरातल्या लोकांनी जे पाहिलं ते अजून सांगतात. नाहीतर डिसेंबर ते मे आकाश कोरडं. म्हणजे चार महिन्यांची मिळकत बारा महिने पुरवायची. अशा घराला कणगी लागते. रत्नागिरीची पाण्याची कणगी म्हणजे तिचा दगड.

हा दगड बघायला थिबा पॉइंटला जा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलं आणि १९१० च्या सुमाराला त्याच्यासाठी राजवाडा बांधला. तोही इथल्याच जांभ्या दगडाचा. तिथे कठड्याशी उभं राहिलं की खाली काजळी नदीची भाट्याची खाडी, पूल, पलीकडे सुरूचं बन, उजवीकडे समुद्र. आणि मान वर करून क्षितिजाकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: समोरच्या सगळ्या डोंगरांचे माथे एका पातळीत आहेत. करवतीनं कापल्यासारखे सपाट. हे आपले सडे. आपली एमआयडीसी सड्यावर, विमानतळ सड्यावर. सपाट जागा म्हटली की रत्नागिरीत सड्याशिवाय दुसरी आहे कुठे?

ही सपाटी समजायला फार मागे जावं लागतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर नाहीसे झाले त्या काळाच्या आगेमागे, इथली जमीन फाटली आणि लाव्हा वर आला. एका डोंगराच्या तोंडातून नव्हे, लांबच लांब भेगांमधून. तो पसरला, थिजला, त्याच्यावर पुढचा थर आला, त्याच्यावर आणखी. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच थरांवर बसलाय. हाच बसाल्ट, आपली काळवत्री. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी लाटा ज्या काळ्या कड्यावर फुटतात तो हाच दगड. पुढे पश्चिमेचा जमिनीचा तुकडा सुटून दूर गेला (आजची सेशेल्स बेटं त्याच तुकड्याचा अवशेष आहेत), इकडे नवा किनारा उघडा पडला. ऊन-पावसानं कडा झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरकला आणि मधे जो पट्टा उरला तो आपला कोकण.

आता या काळ्या दगडावर लाखो वर्षं कोकणातला पाऊस पडत राहिला, असं डोळ्यांसमोर आणा. पाण्यात विरघळणारं जे जे होतं, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ते आधी गेलं. मग सिलिकाही हळूहळू धुऊन निघाली. मागे राहिलं ते न विरघळणारं: लोह आणि ॲल्युमिनियम. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर यायचं, उन्हाळ्यात खाली जायचं. या वर-खाली होण्यात लोह ठिकठिकाणी साचून घट्ट झालं आणि मधली जागा पोकळ राहिली. लोह गंजलं की लाल होतं. असा हा लाल, जाळीदार दगड म्हणजे जांभा. थोडक्यात, काळवत्रीतलं सत्त्व पावसानं धुऊन नेल्यावर उरलेला चोथा. ॲल्युमिनियमचं प्रमाण जिथे जास्त झालं तिथे बॉक्साइट तयार झालं, म्हणून आपल्याच जिल्ह्यात मंडणगडकडे बॉक्साइटच्या खाणी आहेत. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं केरळात लोक या दगडाच्या विटा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आपण त्याच्या कितीतरी आधीपासून चिरे पाडत होतो.

चिरेखाणीत एकदा तरी उतरून बघावं. वरचा दोन-चार फुटांचा थर काळपट आणि कडक असतो, त्यावर पहार मारली की ठिणगी उडते. हा कातळ. त्याच्या खाली खरा जांभा लागतो. जमिनीत असताना तो इतका मऊ असतो की पूर्वी टिकाव-पहारीनं चिरे काढायचे, आता यंत्राची गोल पाती फिरते आणि खाणभर लाल धुरळा उडतो. ताजा चिरा हाताला ओलसर लागतो, नखानं खरवडता येतो. वारा आणि ऊन लागलं की तो घट्ट होत जातो. आजोबांच्या काळातल्या चिरेबंदी घरांच्या भिंती अजून तशाच उभ्या आहेत त्या यामुळे. मी एकदा घरी सुका चिरा पाण्याच्या घमेल्यात ठेवून पाहिला होता. कितीतरी वेळ बुडबुडे येत राहिले आणि घमेल्यातलं पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं. दगड पाणी पितो, हे तेव्हा खरं पटलं.

खाण आणखी खोल गेली तर जांभा संपतो आणि चिकट माती लागते. पांढरट, पिवळी, जांभळट ठिपक्यांची, बोटांत साबणासारखी घसरणारी. तिच्याखाली अर्धवट कुजलेला दगड, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे, आणि सगळ्यात खाली घट्ट काळवत्री.

कोड्याचं उत्तर या थरांमध्ये आहे. सड्यावर पाऊस पडतो. वरचा कातळ कडक, त्यामुळे मोठ्या सरीचं पुष्कळसं पाणी वरच्या वर वाहून जातं, पऱ्यातून वहाळाला, वहाळातून नदीला. काजळीसारख्या नदीला घाटापासून समुद्रापर्यंत शंभर किलोमीटरही धावायचं नसतं. घाटात सकाळी पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी समुद्रात असतं. कातळाला जिथे भेगा आहेत तिथून बाकीचं पाणी जांभ्यात शिरतं. जांभा ते आनंदानं घेतो, पण धरून ठेवत नाही. त्याची भोकं मोठी आणि एकमेकांना जोडलेली असतात. पाणी झपाट्यानं खाली उतरतं, चिकट मातीपाशी अडतं, तिच्यावरून आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या वाड्या बघा, सड्याच्या अंगाखाली, बरोबर झऱ्यांच्या रेषेवर वसल्यात. पोफळीची आगरं तिथेच, देवळं तिथेच, पाटाचं पाणी तिथलंच. आपल्या पूर्वजांना भूगर्भशास्त्राचं नाव माहीत नसेल, पाणी कुठे बाहेर येतं हे पक्कं माहीत होतं.

पण कणगीला खालून भोक असल्यासारखं हे पाणी पावसाळा संपला तरी निसटतच राहतं. दिवाळीला झरा खळाळता, माघात बारीक धार, चैत्रात ओला डाग. आजी म्हणायची, "कार्तिकात सहा गाठींवर पाणी असलं तर शिमग्याची चिंता नाही." कार्तिकात पाणी किती उतरलं यावरून ती पुढच्या पाच महिन्यांचा अंदाज बांधायची आणि तो फारसा चुकायचा नाही.

मग बोअर मारली तर? खाली काळवत्री आहे आणि ती स्वतः पाणी पीत नाही. दोन लाव्हा थरांच्या मधे किंवा दगडाच्या भेगेत पाणी असेल आणि बोअर नेमकी तिथेच उतरली तरच लागतं. म्हणून एका घरी बोअरला धो-धो पाणी आणि शेजारच्या घरी नुसती भुकटी.

किनाऱ्यालगतच्या विहिरींची गोष्ट आणखी नाजूक. शेवटच्या हिमयुगात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि त्या दऱ्यांत शिरला. भाट्ये, काळबादेवी, जयगड, पूर्णगड या खाड्या म्हणजे बुडालेल्या दऱ्या. भरतीचं खारं पाणी त्यांतून आत खूप दूरवर जातं. काठच्या जमिनीत गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खारं खाली असतं. दोघांच्या वजनात फरक अगदी थोडा, त्यामुळे सच्छिद्र जमिनीत हिशेब असा पडतो: समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर तोलला जातो. उलट बाजूनं वाचलं की धडकी भरते. पंप लावून वरची पातळी एक फूट उतरवली, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. विहीर मचूळ झाली की नारळसुद्धा नाराज होतात, आणि ती पुन्हा गोडी व्हायला वर्षं जातात.

पावसाळ्यात हेच थर घात करतात. जांभ्याखालची चिकट माती पाणी पिऊन फुगली की तिच्यावरचं सगळं वजन घसरायला लागतं. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल, दोन्ही या दगडांशी झुंजून बांधलेले. तरीही निवसरला रूळ खचण्याचं दुखणं वर्षानुवर्षं पुरलं. दर पावसाळ्यात गाड्या वेगळ्या वेळापत्रकानं, वेग कमी करून धावतात आणि गस्तीचे कामगार रात्रीच्या पावसात कंदील-बॅटरी घेऊन मार्ग चालतात. मुंबईहून गणपतीला उशिरा पोचल्याबद्दल कुरकुर करताना मला ती माणसं आठवतात.

हवेबद्दल थोडं सांगतो. समुद्र लवकर तापत नाही, लवकर निवतही नाही. त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूर ४३ अंशांवर असताना आपण ३३-३४ वर असतो. अंगाला चिकटा येतो तो तापमानामुळे नाही, हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम सुकत नाही. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात, रात्री उलटे मतलई. या वाऱ्यावर आपला उन्हाळा तरतो. घात होतो तो मार्चमध्ये. तेव्हा देशावरून तापलेला पूर्वेचा वारा घाट उतरून येतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत आत शिरू देत नाही. मग आपल्याकडेही पारा ३८-४० ला जातो. सुपारीएवढी कैरी देठातून गळते. फळ वाचलं तरी पुढे आत साका धरण्याची, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याची भीती.

आंब्याचंच निघालं म्हणून सांगतो. बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही, पण आपली कितीतरी कलमं कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत वाढली आहेत. खड्डा फोडायचा, दुसरीकडून माती आणून भरायची, पहिली काही वर्षं खांद्यावरून पाणी घालायचं. त्या दगडानंच हापूसला सोय केली. मुळाशी पाणी साचत नाही. पाऊस गेला की जमीन लगेच सुकते, झाडाची पालवी थांबते, त्यात रात्रीची थंडी मिळाली की मोहोर येतो. ज्या निसटत्या पाण्यानं बाव कोरडी पडते, त्याच निसटत्या पाण्यानं आंबा पिकतो.

मांडवीची वाळूही याच गोष्टीतली. लहानपणी आम्ही पुड्यात लोहचुंबक घेऊन जायचो. वाळूतून फिरवला की काळ्या कणांची दाढी लोंबायची. काळवत्री झिजली की तिच्यातले लोह-टायटॅनियमचे जड कण, इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, नद्यांतून किनाऱ्यावर येतात. लाट हलकी वाळू परत ओढून नेते, जड कण मागे राहतात. सूप पाखडावं तसं. म्हणून हा काळा समुद्र, आणि मिऱ्याकडच्या बाजूला वाळू फिकट म्हणून तो पांढरा समुद्र.

सातबारावर सड्याला बरेचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असं लिहिलेलं असतं. मला ते वाचताना वाईट वाटतं. पहिल्या पावसानंतर याच सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. हे रोप कोकण-गोव्याच्या अशा सड्यांबाहेर जवळपास कुठेच सापडत नाही. श्रावणात निळ्या सीतेच्या आसवांनी कातळ झाकून जातो. उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणी हत्ती, मासे, माणसं कोरली, ती आजही दिसतात ती या कातळाच्या कडकपणामुळे. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खालच्या वाडीच्या विहिरीत येणारं पाणी आधी वरच्या सड्यातून शिरतं. सड्यावर खोल चिरेखाण झाली, किंवा सगळा सडा सिमेंटनं झाकला, तर त्याचा परिणाम तीनशे फूट खालच्या बावीला भोगावा लागतो. खाण करणारा वेगळा, रहाट ओढणारी वेगळी. म्हणून सड्यावर काही करायचं ठरलं की पहिला प्रश्न विचारायला हवा: याच्या अंगाखाली झरा कुठे आहे?

आमच्या वाडीत आता नवरात्र उलटलं की वहाळात वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती, दोन दिवसांचं अंगमेहनतीचं काम. निसटणारं पाणी त्यानं थांबत नाही, पण वहाळ भरून राहिला की काठची जमीन ओली राहते आणि बावीतलं पाणी सावकाश उतरतं. आजी गेली, दोरीही बदलली. नव्या दोरीला मी तशाच गाठी मारल्यात. गेल्या मेमध्ये सोळाव्या गाठीला कळशी बुडाली.